कवेलूची जुनी घरं रंगवताना करडा रंग मळकट होते, काय करू?

फ्रेंच चित्रकार पिसारोनं 1896 मध्ये फ्रान्समधल्या रूआं शहराची जुनी छपरं रंगवली, ढगाळ दिवस हाय त्यात, मोबाईलवर पाहून पाहून मन भरत नाही. आमच्या गावातले कवेलूचे पडके वाडे तसे काढाले जातो तं करडा नुसता चिखल होते. काहून?

> काळा वापरत असशील. सावलीत काळा टाकूच नको भाऊ, अल्ट्रामरीन (गडद निळा) अन् बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घे, थोडा पांढरा, अन् जास्त घोटू नको, छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेव.

> उन्हात नको बसू. पिसारो डोळ्याच्या त्रासापायी हॉटेलच्या खिडकीतून रंगवे.

> आजीच्या माडीवरून गल्ली दिसते, उद्या सकाळीच बसतो. पोळ्याआधी एक वाडा पाडणार हायत, लय जीव तुटते.