कॅशची मुदत वाढवून भागणार नाही

गर्दीत सर्व्हरवर ताण येतो म्हणून पूरपातळीच्या पानाची कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) ६० सेकंदांवरून १० मिनिटांवर न्या, असं कुणी सुचवलंय. नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ च्या धोका पातळीकडे निघाली की १० मिनिटं जुना आकडा काय कामाचा? दुखणं वेगळंच आहे. मुदत संपते त्या क्षणी आलेल्या सगळ्या विनंत्या एकदम मागच्या अपाचेवर, म्हणजे पान तयार करणाऱ्या सर्व्हरवर, आदळतात. पुढे कॅश सांभाळणाऱ्या एनजिनएक्स सर्व्हरमध्ये 'प्रॉक्सी कॅश लॉक' मुळात बंद असतं, ते चालू करा. मग पान कॅशमध्ये मुळीच नसेल तेव्हा एकच विनंती मागे जाते, बाकीच्या थांबतात. पण थांबतात त्या ५ सेकंदच. डेटाबेस त्याहून रेंगाळला तर त्याही मागे जातात आणि त्यांची उत्तरं कॅशमध्ये पडतही नाहीत! शिवाय कॅशमध्ये असलेल्या पण मुदत संपलेल्या पानाला हे लॉक लागतच नाही. म्हणून जोडीला 'यूज स्टेल'मध्ये (जुनं पान देण्याच्या सेटिंगमध्ये) 'अपडेटिंग' घाला आणि 'बॅकग्राउंड अपडेट' चालू करा: लोकांना आधीचं पान लगेच मिळतं, नवं मागे तयार होतं. पानावर नोंदीची वेळ मात्र ठळक छापा.

आणि दर आयपीला (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाला) 'लिमिट रिक्वेस्ट', म्हणजे विनंत्यांची मर्यादा, लावताना जपून. ही तपासणी कॅश बघण्याआधीच होते, त्यामुळे कॅशमधून फुकटात देता येणारं पानही अडतं. मोबाइल कंपन्यांच्या एकेका आयपीमागे कितीतरी फोन असतात. सांगलीवाडीतल्या माणसाला बिचाऱ्याला उगाच ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') दिसणार. मर्यादा फक्त लॉगिन आणि शोधाच्या पत्त्यांवर ठेवा.