काचेची जुनी फिश टँक उभी करून गेकोसाठी घर करता येईल का?

टिळकवाडीकर, बेळगाव

नमस्कार. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची एक टाकी घरी रिकामी पडून आहे. ती बाजूवर उभी केली तर आतली जागा 18 × 18 × 24 इंचांची होते, आणि झाडावर राहणाऱ्या क्रेस्टेड गेकोला (ही एक विदेशी पाल) उंचीच अधिक लागते, असे वाचनात आले. दर्शनी बाजूला ॲक्रिलिकचे दार लावावे असा माझा विचार आहे. पावसाळ्यात आमच्या भिंतींनाही ओल येते; अशा हवेत काचेची बंदिस्त पेटी त्या जिवाला मानवेल का?

निपाणीकर

एका प्रौढ गेकोला ही जागा पुरेशी आहे. दुसरा मात्र त्यात ठेवू नये. टाकी उभी केल्यावर तिचा मूळ तळ मागची भिंत होतो, उघडे तोंड समोर येते आणि आजवर उभी असलेली आखूड बाजू जमीन बनते. ही आखूड काच बहुतेक टाक्यांत दोन लांब काचांच्या मध्ये चिकटवलेली असते, त्यामुळे ओली माती आणि दगड यांचा सगळा भार केवळ सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. म्हणून टाकीखाली सपाट फळी व तिच्यावर थर्माकोलचा जाड तुकडा ठेवून त्या काचेला खालून पूर्ण टेकू द्यावा.

दारासाठी पातळ ॲक्रिलिक घेऊ नका. आत दमट आणि बाहेर कोरडे असले की ते बाक धरते, आणि कोपऱ्यात पडलेल्या फटीतून गेको सहज निसटतो. काचेचे दार आणि बिजागऱ्या हेच बरे. दाराखाली चार इंच उंचीची काचपट्टी चिकटवली की माती बाहेर सांडत नाही.

खानापूरकर

वरील सूचना योग्यच आहेत, पण मूळ प्रश्न हवेचा आहे आणि तो दाराने सुटत नाही. वरची काच तशीच ठेवली तर उबदार, दमट हवा छताशी कोंडते. आमच्या खानापूर भागातील पावसाळ्यात अशा पेटीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. आता टाकीत पाणी भरायचे नसल्याने काचांवर पूर्वीसारखा दाब येणार नाही. तेव्हा पातळ पात्याने सिलिकॉन कापून वरची काच काढावी, तोंडाभोवती ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीची चौकट बसवावी आणि तिच्यात बारीक जाळी ताणावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अशी चौकट करून देणारा कारागीर मिळू शकेल. काचपट्टी आणि दार यांच्यामध्ये इंचभर रुंदीची दुसरी जाळी ठेवली की हवा खालून आत येते व वरून बाहेर पडते. कोरड्या महिन्यांत वरची अर्धी जाळी झाकून ओलावा राखता येतो.

छताला जाळी हवी याचे आणखी एक कारण म्हणजे साधी काच यूव्हीबी (अतिनील) किरण जवळजवळ पूर्ण अडवते. काचेवर ठेवलेल्या यूव्हीबी दिव्याचा प्राण्याला काहीच उपयोग होत नाही. जाळीतूनही थोडे किरण कमी होतात, हे दिवा निवडताना लक्षात घ्यावे.

माझी खरी काळजी उन्हाळ्याची आहे. या गेकोला 22 ते 26 अंश तापमान मानवते आणि 28 च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 35 च्या आसपास असतो, आणि वीज गेली की पंखाही नसतो. घरातील सर्वांत थंड खोली या पेटीसाठी देता येणार नसेल, तर प्राणी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिकोडीकर

प्राणी आणण्यापूर्वी कायदाही पाहावा. घोरपड, शॅमेलिऑन, तारा कासव यांसारखे आपल्याकडचे वन्य प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळता येत नाहीत. सायटीस या वन्यजीव व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील विदेशी प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. विक्रेत्याने कागदपत्रे दाखवली नाहीत, तर व्यवहार करू नये.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. वरची काच काढून जाळीच बसवतो. सिलिकॉन कोणते वापरावे?

खानापूरकर

बुरशीनाशक नसलेले, माशांच्या टाकीसाठी मिळते तेच घ्यावे. ते सुकताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, पेटी उघडी ठेवावी.