चांदीच्या रुपयांचं ग्रेडिंग करून घ्यावं का? डीलर म्हणतोय दहापट भाव येईल

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. आजोबांच्या ट्रंकेत कापडी पिशवीत जुने रुपये निघाले. काही राणीछाप (व्हिक्टोरियाचे), थोडे एडवर्डचे, पंचम जॉर्जचे पुष्कळ (त्यात १९१८, १९१९ च जास्त), एक १९११ चा आणि एक सहाव्या जॉर्जचा १९३९ चा. शिवाय मूठभर शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी). एका प्रदर्शनात डीलरला मोबाईलवर फोटो दाखवले तर तो म्हणाला असे सुट्टे विकूच नका, मी सगळे अमेरिकेत पाठवतो, तिकडची कंपनी ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत सील करून देते, मग दहापट भाव येतो. फी मात्र प्रत्येक नाण्याची आधी द्यायची म्हणे. विकायची घाई नाही, पण धाकट्या भावाची वाटणी करायची आहे म्हणून किंमत तरी कळावी. हां आणि राणीछाप दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ताटात असायचे त्यामुळे ते चिंच लावून लख्ख केलेले आहेत, याने फरक पडतो का?

चवली_पावली:
चिंच 😭😭 दादा फरक पडतो का काय विचारताय

जुनाबाजार_रविवार:
दहापट वगैरे विसरा. ग्रेडिंग म्हणजे दोन गोष्टी, नाणं खरं आहे का आणि त्याची अवस्था किती चांगली आहे. दुर्मिळ आहे का नाही हे ग्रेडिंगने बदलत नाही. १९१८ चा रुपया कोट्यवधींनी पाडलेला आहे, पहिल्या महायुद्धात चांदीच्या रुपयाला एवढी मागणी होती की टांकसाळी रात्रंदिवस चालायच्या, त्यामुळे वापरलेला झिजलेला १९१८ तुम्ही सोन्याच्या डबीत ठेवला तरी तो १९१८ च. त्यात ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के चांदी, म्हणजे निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम, त्याचा आजचा भाव काढा, त्यावर थोडं वर मिळेल, बास. ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचं कुरिअर, इन्शुरन्स, येताना कस्टमवाल्यांनी अडवलं तर तो ताप, एवढं सगळं त्या थोड्या वरच्या पैशातून कसं निघणार?
आता आकड्यांचं. शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी काढली, तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागली. ६० पासून वर म्हणजे चलनात न फिरलेलं. खरा पैसा ६३ चं ६५ होतं तिथे असतो, आणि आजोबांच्या पिशवीत एकमेकांवर आपटत पडलेल्या रुपयाला ६५ मिळेल ही आशा सोडा. रुपया दिव्याखाली तिरपा धरून हळूहळू फिरवा, चकाकीचा पट्टा नाण्यावरून गोल फिरला तर पुढे बोलू. राजाच्या भुवईवर, कानावर, मुकुटाच्या उंचवट्यावर राखाडी सपाट डाग दिसला तर तो झिजलेला आहे, विषय संपला.
चिंचेच्या रुपयांना आकडाच मिळत नाही. डबीवर नुसतं 'डिटेल्स' आणि पुढे 'क्लीन्ड' असं छापून येतं आणि फी पूर्ण लागते. दागिन्यासाठी कडी लावून नंतर काढलेले असतील तरी तेच.

कायद्याचं_बोला:
एक मिनिट, मूळ मुद्दाच राहिला. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेलं कुठलंही नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, ग्रेडिंग करून परत आणतो म्हणालात तरी नाही. म्हणजे तुमचे राणीछाप, एडवर्ड, १९११, १९१८ सगळे बाद. शिवराया तर बादच बाद. बाहेर जाऊ शकतो तो फक्त १९३९ चा. तो डीलर "मी सगळे पाठवतो" म्हणतोय म्हणजे एकतर त्याला कायदा माहीत नाही किंवा फी घेऊन तो काहीच पाठवणार नाहीये, दोन्ही बाबतीत लांब राहिलेलं बरं.
लोक विचारतात मग नेटवर राणीछाप रुपये स्लॅबमध्ये (म्हणजे त्या सीलबंद डबीत) कसे दिसतात. अहो ते इंग्लंड अमेरिकेत आधीपासून पडलेले असतात, तिथेच ग्रेड होतात.

शिवराई_वेडा:
शिवरायांना ग्रेडचा आकडा म्हणजे निव्वळ वेडेपणा आहे हे माझं स्पष्ट मत. हाताने घणाचा घाव घालून पाडलेलं नाणं, ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच बसतो. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्र पति, यातली किती अक्षरं चकतीवर आली, अक्षराचं वळण कसं आहे, टिंबं कुठे आहेत, यावर किंमत ठरते आणि हे बघायला माणूस लागतो. मूठभर आहेत म्हणता त्यातल्या काही पेशवाईतल्या दुदांडी (मजकुराच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेल्या) असायची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उन्हात काढा, फ्लॅश नको. आणि त्यांना चिंच लावू नका प्लीज. कधी नाशिकला गेलात तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत चक्कर मारा, एका दिवसात डोळा तयार व्हायला लागतो.

कलदार_कोथरूड:
जुनाबाजारवाल्या काकांशी नव्वद टक्के सहमत पण ग्रेडिंगला सरसकट शिव्या नकोत. १९३९ हा सहाव्या जॉर्जच्या रुपयांमधला सगळ्यात हवा असलेला, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नकली. १९३८ चा ८ खरवडून ९ केलेले असतात, नाहीतर सरळ साच्यात ओतलेले. असं नाणं सुट्टं विकायला गेलात तर समोरचा अर्ध्या भावात मागतो कारण जोखीम त्याची. तिथे डबीचा उपयोग आहे, डबीवरचा नंबर कंपनीच्या साईटवर टाकला की बऱ्याचदा त्याच नाण्याचा फोटो येतो, तो आपल्या नाण्याशी ताडून बघायचा, कारण आता डब्याही नकली यायला लागल्यात 😅
पण पाठवायच्या आधी घरी बघा. सराफाकडे वजन करा, भिंगातून शेवटचा ९ बघा, त्याच्या भोवतीचा सपाट भाग बाकीपेक्षा गुळगुळीत किंवा खोलगट वाटतो का, अंकाच्या कडा बाकी तीन अंकांसारख्या आहेत का. कडेवर जोडाची रेघ दिसली तर ओतीव.
१९११ पण वेगळा ठेवा. राजाच्या अंगरख्यावर साखळीत हत्ती आहे तो डुकरासारखा दिसतो म्हणून बोंबाबोंब झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट केली. तो बाहेर पाठवता येणार नाही, पण इथे ग्रेडिंग करणारे आहेत. त्यांच्या डबीला बाहेरच्या कंपनीइतका भाव मिळत नाही हे खरं.

जुनाबाजार_रविवार:
१९३९ बाबत मान्य. फक्त हेही लक्षात घ्या की ग्रेड हे शेवटी मत आहे. लोक डबी फोडून तेच नाणं परत पाठवतात आणि एक आकडा वर येतो.

कृष्णाकाठ_सांगली:
बापरे खूपच माहिती, धन्यवाद सगळ्यांना. आज सराफाकडे गेलो होतो, १९३९ चं वजन १०.९ भरलं. झिजेमुळे एवढं कमी होऊ शकतं का? अक्षरं तशी ठळक आहेत.

कलदार_कोथरूड:
ठळक अक्षरं आणि पाऊण ग्रॅम कमी हे एकत्र जमत नाही. एवढं वजन झिजेने गेलं असतं तर राजाचा चेहरा सपाट झाला असता. कडेचा फोटो टाका, पण माझ्या मते ओतीव आहे. त्यावर फी घालू नका.

चवली_पावली:
म्हणजे दहापटवाल्या डीलरने फोटोत १९३९ बघितला आणि काहीच बोलला नाही? कमाल आहे. बाय द वे वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं लाखात विका वाले फोन आले तर उचलू नका, २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने असल्या ऑफरबद्दल सावध केलं होतं तरी ते चालूच आहे.

कायद्याचं_बोला:
वाटणीसाठी ग्रेडिंगची गरजच नाही दादा. १९१८-१९ वाले आणि चिंचवाले वजनावर निम्मे निम्मे करा, १९११ आणि शिवरायांचं दोन वेगळ्या माणसांकडून तोंडी मूल्य विचारा, त्यातला एक तरी विकत घेणारा नसावा.

शिवराई_वेडा:
शिवरायांचे फोटो अजून आले नाहीत 🙏