पद्मिनीच्या डॅशबोर्डला हात लावावा का?

घाटवाट (पुणे)

नमस्कार. वडिलांची १९७५ सालची प्रीमिअर पद्मिनी त्यांच्या पश्चात सहा वर्षे आमच्या वाईच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीनंतर ती टोइंग करून पुण्याला आणली आणि एका गॅरेजमध्ये दिली. इंजिन हाताने फिरते, म्हणजे जाम झालेले नाही. पण चालकाच्या पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि डिकीचा तळ गंजाने खाल्ला आहे. पत्र्याचे काम करून घ्यायचे हे ठरलेले आहे, त्याविषयी शंका नाही.

प्रश्न डॅशबोर्डचा आहे. गॅरेजच्या मालकांचे म्हणणे असे की, एवढा खर्च होणारच आहे तर मूळ डॅशबोर्ड मधोमध कापून नऊ इंची टचस्क्रीन बसवावी, चारही दारांना पॉवर विंडो द्याव्यात, एसी घालावा आणि स्टिअरिंगजवळचा गिअर काढून तो जमिनीवर घ्यावा. ते मनापासून सांगत आहेत, आणि त्यांच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाईके हेच मागतात.

माझी अडचण अशी की, तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या नव्या गाडीत या स्क्रीनचा मला आलेला अनुभव चांगला नाही. गेल्या जुलैत ताम्हिणी घाटात, रात्री आठच्या सुमारास, धो-धो पावसात समोरची काच आतून एकदम धुरकट झाली. वारा काचेकडे वळवण्याचे बटण स्क्रीनच्या दुसऱ्या पानावर आहे, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजल्यामुळे त्या पानावर फोन करणाऱ्याचे नाव पसरले. वळणावर रस्त्याकडे पाहू की स्क्रीनकडे, हे मला समजेना. शेजारी बसलेल्या आईने पदराने काच पुसून दिली म्हणून मी गाडी कडेला घेऊ शकलो. एरवीही आईला थंडी वाजली तर तिला स्वतःला एसी कमी करता येत नाही, मला सांगावे लागते. पद्मिनीत तीच आई हात न पोहोचण्याची तक्रार न करता त्रिकोणी काच हवी तेवढी वळवून बसत असे.

डॅशबोर्ड कापायला माझे मन धजत नाही. पण ते केवळ वडिलांच्या आठवणीपोटी आहे, की त्यामागे खरोखर काही तथ्य आहे, हे मला ठरवता येत नाही. ज्यांनी अशी कामे केली किंवा करून घेतली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना_पत्रा (कोल्हापूर)

मी गेली ३१ वर्षे जुन्या गाड्यांचे पत्र्याचे आणि यांत्रिक काम करतो. तुमच्या मनात जे आहे त्यामागे भक्कम कारण आहे, ते आधी सांगतो.

जीपसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चासी असते आणि वरची बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००, आणि तिला अशी स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. तुमच्या गाडीत नेमके तळ आणि पट्ट्याच कमकुवत झाल्या आहेत. अशा अवस्थेत जमिनीवरच्या गिअरसाठी तळाला आणखी एक भोक पाडणे मला पटत नाही. पत्र्याचे काम करतानाही एक पथ्य पाळा: गंजलेला भाग पूर्ण कापून तिथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडायला सांगा, आणि रंगाचा पहिला हात लागण्यापूर्वी स्वतः जाऊन तो उघडा पत्रा पाहा. गंजावर लांबी (पुट्टी) भरून वरून रंग दिलेली गाडी एक पावसाळा सुरेख दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगते.

स्टिअरिंगजवळचा गिअर अडकतो, सापडत नाही, अशी तक्रार बहुतेक लोक करतात, आणि त्यामुळेच तो काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. प्रत्यक्षात दोष गिअरबॉक्सचा क्वचितच असतो. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या लिंकेजमधले बुश (सांध्यांतल्या छोट्या नळ्या) झिजलेले असतात. ते बदलून, सांधे साफ करून, ग्रीस देऊन लिंकेज नीट जुळवले की चारही गिअर दोन बोटांनी पडतात. हे काम एका दिवसाचे आहे, आणि पुढचे सलग सीटही वाचते.

आता विजेचे. तुमच्या गाडीला मूळचा डायनॅमो (वीज तयार करणारा भाग) असेल तर तो इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. सिग्नलला उभे राहिल्यावर दिवे पिवळे पडतात ते यामुळेच. पॉवर विंडो आणि स्क्रीन त्यावर चालवणे म्हणजे बॅटरी रोज उतरवणे आहे. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे मंद इंजिनावरही पुरेशी वीज देणारा भाग, बसवून घ्या. त्यासाठी काहीही कापावे लागत नाही आणि जुना भाग जपून ठेवला तर पुन्हा लावता येतो. हेडलाइटचा पूर्ण प्रवाह मूळ वायरिंगमध्ये थेट खटक्यातून जातो, त्यामुळे जुना खटका तापतो आणि कधी वितळतोही. बॉनेटखाली दोन रिले (मोठा प्रवाह स्वतःमधून नेणारे विजेचे खटके) बसवले की खटका तोच राहतो, हाताला जाणीवही तीच राहते, आणि उजेड स्पष्ट पडतो. मूळ वायरिंगचे कापडी आवरण कुजले असेल तर संपूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) नवा करून घ्या. तिथे काटकसर करू नका, कारण आग तिथूनच लागते.

गोथेनबर्गकर (स्वीडन)

ताम्हिणीचा प्रसंग वाचून राहवले नाही. मी इथे वाहनउद्योगातच काम करतो, आणि तुम्हाला जे जाणवले ते इथल्या एका नियतकालिकाने मोजून दाखवले आहे. ‘वी बिलॅगरे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक व्होल्वो व्ही ७० अशी तुलना केली. विमानांच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकाने चार कामे करायची होती: सीटची ऊब सुरू करून तापमान दोन अंशांनी वाढवणे व काच साफ करणारा वारा चालू करणे, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणे, अंतराची नोंद शून्यावर आणणे, आणि डॅशबोर्डचा उजेड कमी करून मधली स्क्रीन बंद करणे. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला होता. बटणांच्या जुन्या व्होल्वोत ही सगळी कामे १० सेकंदांत, ३०६ मीटर अंतरात झाली. सर्वांत मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आर या गाडीला सुमारे ४५ सेकंद लागले, आणि तेवढ्या वेळात ती १,३७२ मीटर पुढे गेली होती.

याचे कारण सरळ आहे. नॉबला जागा असते, आकार असतो आणि फिरवताना टकटक जाणवते, त्यामुळे काही दिवसांनी बोटांनाच ती जागा पाठ होते. काचेचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच लागतो, म्हणून प्रत्येक वेळी डोळ्यांनी खात्री करावी लागते. त्यात गाडी खड्ड्यातून गेली की बोट शेजारच्या चौकोनावर पडते. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही जानेवारी २०२६ पासूनच्या मूल्यमापनात दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि तातडीच्या मदतीचा कॉल यांसाठी वेगळी, हाताला लागणारी बटणे असण्याला महत्त्व दिले आहे. ती नसतील तर पाच तारे मिळवणे अवघड होईल.

काच साफ करण्याचे बटण त्या यादीत नाही, याचे मला वाईट वाटते. कोकणात उतरणाऱ्या घाटांतल्या पावसाळ्याचा अनुभव असणारा कोणी त्या समितीवर असता, तर कदाचित ते आले असते.

नव्या गाडीसाठी एक उपाय सुचवतो. घाट सुरू होण्यापूर्वीच, गाडी उभी असताना, वारा काचेकडे वळवून ठेवा, एसी चालू ठेवा आणि आतलीच हवा फिरवण्याची सोय बंद करा. एसी हवेतला ओलावा काढतो, त्यामुळे तापमान थोडे वाढवले तरी काच कोरडी राहते आणि आईंना थंडीही वाजत नाही. स्टिअरिंगवर एखादे बटण आपल्या पसंतीच्या कामाला जोडता येत असेल तर ते याच कामाला जोडा.

ताडदेव_नाका (मुंबई)

माझ्या वडिलांनी १९७९ पासून २४ वर्षे मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. मीटर गाडीच्या बाहेर डाव्या बाजूला असे. बाकी सगळे, म्हणजे दिवे, वायपर, चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायचा नॉब), त्यांच्या हाताला इतके सवयीचे होते की दादरच्या गर्दीत किंवा मध्यरात्री ते कधी खाली पाहत आहेत, असे मला आठवत नाही. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेरीस बंद झाली. त्या दिवशी वडील बराच वेळ गॅलरीत उभे होते.

एक गोष्ट जुना_पत्रा यांच्या उत्तरात जोडतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि रबरी नळ्या अशा पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या आणि पंपाचा पडदाही त्याच प्रतीचा बसवा. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. टाकी आतून गंजते. शिवाय मिश्रण पातळ होत असल्यामुळे (हवेच्या मानाने इंधन कमी पडल्यामुळे) कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, जाणकाराकडून एकदा तपासून घ्या. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड फिरावा लागेल. सोबत जुना भाग न्या, नुसत्या नावावर विसंबून राहू नका.

मुळा_मुठा (पुणे)

वरील सर्वांबद्दल आदर ठेवूनही एसीच्या बाबतीत मी वेगळे मत मांडते. घाटवाट यांच्या आई गाडीत बसणार आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या गाडीत वयस्कर माणसाला बसवणे हा मूळपणाचा हट्ट ठरेल, आणि तशी गाडी शेवटी शेडमध्येच उभी राहील. माझ्या सासऱ्यांच्या पद्मिनीला डॅशबोर्डखाली लटकणारा एसी होता. त्याला दोन साधे नॉब होते, एक पंख्याचा आणि एक थंडाव्याचा, आणि त्यासाठी डॅशबोर्ड कापलेला नव्हता. असा संच बसवता येतो. मात्र इंजिन १०८९ सीसीचे आणि चाळीसेक अश्वशक्तीचे आहे, त्यामुळे चढावर एसी बंद करावा लागतो, रेडिएटर उत्तम अवस्थेत असावा लागतो आणि अल्टरनेटर तर हवाच.

स्क्रीन आणि पॉवर विंडो नकोत, याबाबत मात्र मी सहमत आहे.

कागदपत्र (नागपूर)

कोणीही कागदांचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे टिकते. तुमची गाडी १९७५ ची असल्यामुळे नोंदणीची नेमकी तारीख पाहून ५० वर्षे पूर्ण झाली आहेत का, हे आधी तपासा. डॅशबोर्ड आणि तळ कापल्यानंतर ‘मूळ स्वरूप’ सिद्ध करणे तुम्हाला जड जाईल, असे माझे मत आहे.

पण घाई करू नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी नियमित वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला आईंना घेऊन रविवारी वाईला जायचे असेल, तर साधी नोंदणी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेणे आणि पर्यावरण कर भरणे हाच मार्ग सोयीचा आहे. गंजलेल्या भागांचे, काम सुरू होण्यापूर्वीचे, चालू असतानाचे आणि झाल्यानंतरचे फोटो तारखेसह जपून ठेवा. पुढे कधी व्हिंटेज नोंदणी करायची ठरली, तर दुरुस्ती आणि फेरफार यांतला फरक अधिकाऱ्यांना दाखवायला तेच उपयोगी पडतील.

घाटवाट (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल गॅरेजमध्ये जाऊन लिंकेजचे बुश पाहिले. दोन तर हातात चुरा होऊन आले. मालकांनीही ते पाहून गिअर आहे तिथेच ठेवण्याचे मान्य केले. डॅशबोर्ड कापला जाणार नाही. अल्टरनेटर, रिले, नवा हार्नेस आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या हे कामात धरले आहे. डॅशबोर्डखालच्या एसीबद्दल आईला विचारले. तिने तो बसवायला होकार दिला, मात्र त्याचे नॉब तिच्या हाताला लागतील अशा बाजूला असावेत, अशी अट घातली. नोंदणी साधीच ठेवतो, कारण गाडी वाईला न्यायची आहे.

एक शेवटची विनंती. चोकचा मूळ नॉब तुटलेला आहे आणि नाना पेठेत दोन दिवस फिरूनही मिळाला नाही. कोणाकडे भंगारात निघालेल्या पद्मिनीचा असेल, तर कृपया इथेच कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.