कल्चरमध्ये सगळीकडे 'आर', कोलिस्टिनला सही करू का? (तातडीची मदत हवी)

गोदाकाठ_७: भाऊ बर्न्स वॉर्डात आहे, त्याचं कल्चर (जंतूंची तपासणी) आलंय. असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू. मेरोपेनेम, अमिकासिन, सिप्रो, सगळ्या अँटिबायोटिक्सपुढे 'आर', म्हणजे लागू पडत नाहीत. कोलिस्टिनपुढे 'आय', म्हणजे तेही अर्धवटच! डॉक्टर तेच सुरू करू म्हणतात, संमतीपत्रावर सही हवी. किडनी जाते म्हणे. चारला राउंड आहे, लवकर सांगा.

चहाबाज: भाजलंय का? किती टक्के? कितवा दिवस? वय?

गोदाकाठ_७: बर्न्स वॉर्डात आहे म्हणजे भाजलंयच ना! गॅसचा भडका. ३५ टक्के, बारावा दिवस.

निवृत्त_सिस्टर: नमुना कशाचा? ड्रेसिंग सोडताना घेतलेला स्वॅब की ब्लड कल्चर? जखमेवर जंतू नुसते बसलेत की रक्तात उतरलेत, हे आधी विचार. आणि त्या 'आय'ला घाबरू नकोस. कोलिस्टिनला हल्ली बऱ्याच लॅब 'एस' (लागू पडतं) देतच नाहीत, २०२० पासून अमेरिकन नियमावलीत तो रकानाच नाही.

मधुबन: शुद्ध मध आणि हळद लावा. माझ्या मामांचा पाय वाचला.

चहाबाज: मामांना काय झालं होतं?

मधुबन: डायबेटिसची जखम. पण जखम ती जखम.

निवृत्त_सिस्टर: अहो, डॉक्टरांना न विचारता उघड्या जखमेवर घरचं काही लावू नका!

गोदाकाठ_७: स्वॅबच आहे. ताप १०२, काल रात्री बरळत होता. दाखल केलं तेव्हा हे जंतू नव्हते, मग हॉस्पिटलनेच दिले ना?

निवृत्त_सिस्टर: बहुधा तिथलेच. हा जंतू कॉटच्या कठड्यावर कोरड्यात आठवडेच्या आठवडे टिकतो. आमच्या वॉर्डात नातेवाइकांचे मोबाईलसुद्धा बाहेर ठेवायला लावायचो. पण भांडण नंतर कर. बरळतोय हे डॉक्टरांना आत्ताच सांग, चारची वाट बघू नकोस. ब्लड कल्चर पाठवलं का, क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) रोज बघणार का, मेलेली कातडी काढून ग्राफ्ट (नवी कातडी लावणं) कधी, हे तीन प्रश्न विचार. त्या कातडीत रक्त खेळत नाही, तिथे सलाइनमधलं औषध पोचणार कसं?

शेतकरी_पुत्र: कोंबड्यांना हेच कोलिस्टिन चारायचे. २०१९ला बंदी आली, तोवर व्हायचं ते झालं.

ढगफुटी: जॉर्जियात तिबिलिसीला जंतू खाणारे विषाणू देतात, १९२३ पासूनची संस्था आहे. गूगल करा.

चहाबाज: चारच्या आत तिबिलिसी कसं गाठायचं तेही सांगा.

पॉलिसीवाला: कॅशलेस आहे का? रूम रेंटची मर्यादा तपासा.

गोदाकाठ_७: सही केली. ते साडेतीनलाच आले. ब्लड कल्चर सकाळीच गेलंय. किडनीसाठी रोज रक्त तपासणार, डोस त्यावर ठरवणार. ग्राफ्टचं विचारायचं राहिलं.

निवृत्त_सिस्टर: तेच मुख्य होतं रे. आत्ता जा.

चहाबाज: आणि वय अजून सांगितलं नाहीस.