‘म्हातारी माणसं हट्टीच’ म्हणणाऱ्या भावासाठी

पेठेतला_थोरला

काल इथं एका भावानं लिहिलं, की कोल्हापुरात पावलापावलावर दवाखाना आहे, सीपीआर हा मोठा सरकारी दवाखाना गावाच्या मध्यात आहे, सत्तरीवरच्यांना पाच लाखांपर्यंत फुकट उपचाराचं आयुष्मान कार्ड आलंय, तरी आपली म्हातारी माणसं तपासायला जात नाहीत कारण ती हट्टी. त्यावर ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमचे आबा ८१ वर्षांचे. घर शिवाजी पेठेत, बोळाच्या आत. सीपीआर दोन किलोमीटरसुद्धा नसेल. पण माडीचा जिना लाकडी, चौदा पायऱ्या, धरायला कठडा नाही, वरून सोडलेला दोर. खाली आलं की गटारावरची फरशी, तिचा एक कोपरा कायम डुगडुगतो. पुढं दोन्ही बाजूंनी मोटारसायकली. त्यातून काठी आधी घालायची की खांदा, हे ठरवण्यातच माणूस दमतो. रिक्षा बोळात शिरत नाही, शिरली तर मागं काढायला चार जण लागतात. वाटेत टेकायला एक कट्टा होता, तो पाडून कुणीतरी शटर बसवलं. गेल्या श्रावणात आबा त्या फरशीवर घसरले. तेव्हापासून विचारलं की ‘मला काय झालंय?’ एवढंच उत्तर.

आता याला हट्ट म्हणायचं का भीती, ते तुम्हीच सांगा.

आणि कार्डाचं म्हणाल तर ते ॲडमिट झाल्यावर. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या आणि डॉक्टरची फी खिशातूनच जाते. शिवाय आबांच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नव्हतं. तीन हेलपाटे झाले. म्हणजे तीन वेळा तोच जिना.

तांबडा_रस्सा

तो भाऊ मीच. माझ्या आईचं ७४ वय. राजारामपुरीत घर, गाडी दारात, मी स्वतः न्यायला तयार. तरी दोन वर्षं मोतीबिंदू पिकवत बसलीय. ‘दिवाळी झाली की बघू.’ कुठली दिवाळी ते सांगत नाही. आमच्यात बोळ नाही, फरशी नाही, मोटारसायकली नाहीत. मग?

आणि थोरले, त्या मोटारसायकली कुणाच्या? परगावच्या भाविकांच्या की तुमच्याच गल्लीतल्या पोरांच्या? एकदा उठून हलवायला सांगा की.

पाचगावची_सून

पेठेत निदान कोपऱ्यावर रिक्षा मिळते हो. आमच्याकडं पाचगावला, शहराच्या हद्दीबाहेर या. कॉलनीचं नाव झकास, रस्ता मुरमाचा, दिवे अर्धे बंद. संध्याकाळी सहानंतर कुत्री मालक असतात. सासूबाईंचे गुडघे गेलेत, चढ चढवत नाही. नवरा गोकुळ शिरगावला शिफ्टला. मग न्यायचं कुणी? मी गाडीवर नेते, पण त्यांना मागं एका बाजूला बसायची सवय, खड्डा आला की मलाच घट्ट आवळतात. दोघीही पडायच्या!

७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. छान. पण एसटी आमच्या कॉलनीत येते का?

रंकाळ्याचा_वारा

ताई, मग या की महापालिकेच्या हद्दीत! १९७२ साली महापालिका झाली, तेव्हापासून एक इंच हद्द वाढली नाही. दवाखाना शहराचा, बाजार शहराचा, शाळा शहराच्या, आणि हद्दवाढ म्हटलं की गावबंद. रस्ता मुरमाचा राहणारच.

पाचगावची_सून

घरफाळा कोण भरणार, तुम्ही? हद्दीतल्या लोकांच्या दारात काय दुधाची नदी वाहते? वर थोरल्यांची फरशी वाचली ना? ती हद्दीतच आहे.

रंकाळ्याचा_वारा

शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण २०१७ ला झालं ते कुणाच्या हट्टामुळं? मधला रस्ता म्हणून दिलं. ना धड गाव ना धड शहर.

कावळा_नाका

प्राधिकरणाचा इथं काय संबंध? आणि मुळात गावांना विचारलंय कुणी?

रंकाळ्याचा_वारा

पन्नास वर्षं विचारतच आहेत!!

पेठेतला_थोरला

हद्दवाढीचा वेगळा धागा काढा रे. इथं म्हाताऱ्यांचं चाललंय.

रंकाळ्याचा_वारा

काका, हे म्हाताऱ्यांचंच आहे. बस, दिवा, गटार, सगळं हद्दीवरच ठरतं. तुम्हाला नसेल कळत तर गप्प बसा.

पेठेतला_थोरला

गप्प बसायला मी तुझ्या घरी जेवायला आलेलो नाही. हद्दीत राहून माझी फरशी डुगडुगतेय, त्याचं बोल आधी.

निवृत्त_मास्तर

दोघेही जरा पाणी प्या. मी शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहतो. ऑगस्ट २०१९चा महापूर. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, ती केव्हाच मागं पडलेली. आमच्या तळमजल्यात पाणी, वीज नाही, आणि सौ.ना आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शिरोलीजवळ हायवे बंद, म्हणून पुण्याला लेकाकडं जायची सोय नाही. गल्लीतल्या सहा पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि सौ.ना बसवून छातीभर पाण्यातून नेलं. एकाचा मोबाईल गेला, त्यानं आजवर पैसे घेतले नाहीत.

आता लेक म्हणतो, बाबा, उजळाईवाडीकडं फ्लॅट घेऊ, पूर नाही, लिफ्ट आहे. मी नाही म्हणतो. लिफ्ट आहे, पण खुर्ची धरणारे सहा जण कुठून आणू? याला हट्ट म्हणायचं तर म्हणा, माझी हरकत नाही.

कावळा_नाका

मास्तर, नमस्कार घ्या. पण ती सहा पोरं आता पुण्यात असतील, हेही खरं आहे.

निवृत्त_मास्तर

चार आहेत पुण्यात. दोन उरलीत. मोजून ठेवलंय.

तांबडा_रस्सा

बरं बाबा, मी ‘हट्टी’ लिहायला नको होतं. झालं समाधान? सगळे मिळून माझीच पाठ सोलताय.

तुमचं वाचून सकाळी आईला विचारलं, खरं सांग, का येत नाहीस. म्हणाली, ‘ऑपरेशनचं काही नाही रे. पुढं महिनाभर डोळ्यात थेंब कोण घालणार? तू सकाळी जातोस ते रात्री येतोस. शेजारची वहिनी होती तवर बरं होतं.’ त्या वहिनी तीन वर्षांपूर्वी मुलाकडं बंगळूरला गेल्या. त्या घरात आता क्लास चालतो. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे घर बंद झालेलं माहीत होतं, हे नाही.

पण कार्ड काढायला काय होतं, हे माझं म्हणणं कायम.

पाचगावची_सून

दिवसातून चार वेळा थेंब असतात, दादा. एक सकाळी तुम्ही घाला, एक रात्री. मधल्या दोनसाठी क्लासच्या बाईंना विचारा. विचारायला घरफाळा लागत नाही.

रंकाळ्याचा_वारा

टोमणा कळला.

पेठेतला_थोरला

रश्श्या, तुझं एक मान्य. काल रात्री गल्लीतल्या पोरांना मोटारसायकली एका बाजूला लावायला सांगितल्या. एकानं लावली. बाकीचे ‘आबा कुठं बाहेर पडतात’ म्हणाले.

जिन्याला कठडा बसवायचा ठरवलंय. स्टीलचा की लोखंडी?

निवृत्त_मास्तर

लोखंडी. उद्यमनगरात माप घेऊन जा. स्टील पावसाळ्यात हातातून निसटतं. आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडायला सांगा, नाहीतर मूठ बसत नाही.