अंदमान : साथीत पर्यटन बंद पडलं तर किती शिल्लक हवी?

नारळीबाग : स्वराज द्वीपवर (जुनं हॅवलॉक) आठ खोल्यांचं होमस्टे पाच वर्षांच्या कराराने घ्यायचं चाललंय. सोबत डायव्हिंगच्या दुकानात भागीदारी : २४ सिलिंडर, त्यांत हवा भरायला एक कॉम्प्रेसर, एक लाकडी डुंगी (होडी). २०२० सारखी साथ परत आली तर काय, इथे हिशेब अडलाय. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला तर पुरेल का? आणि सगळं बंद असताना पैसा जातो तरी कशावर?

खाडीकाठ : तीन महिने हा शहरातल्या हॉटेलचा हिशेब झाला. तिथला हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात दर्या खवळलेला, फेऱ्या रद्द, गिऱ्हाईक तुरळक. मेपर्यंतच्या कमाईवरच ते चार महिने निघतात. २०२० मध्ये बंदी आली ती मार्चमध्ये. म्हणजे एप्रिल-मेची सुट्टीची गर्दी गेली आणि पाठोपाठ पाऊस लागला. २५ मेपासून देशांतर्गत विमानं सुरू झाली, पण बेटं पर्यटकांना उघडायला आणखी काही महिने गेले. उघडल्यावरही ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागायचा. घरातला एक जण पॉझिटिव्ह आला की अख्ख्या कुटुंबाचं बुकिंग रद्द. त्यामुळे बंदी मार्चमध्ये आली तर नऊ महिने धरा. ऑक्टोबरात आली तर पूर्ण वर्ष.

बेटं उशिरा उघडतात याला सबळ कारण आहे. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम), गंभीर रुग्ण समुद्र ओलांडून न्यावा लागतो. शिवाय ऑगस्ट २०२० मध्ये ग्रेट अंदमानी जमातीतल्या दहा जणांना लागण झाली होती. ती सगळी जमातच तेव्हा जेमतेम पन्नासेक जणांची. बाराटांग बेटाकडचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. ती सहल सगळ्यांत शेवटी सुरू होईल असं धरूनच पॅकेज आखा. तसंच व्हायला हवं.

दहा_मीटर : पैसा खातं ते खारं हवामान. दुकानाला कुलूप लावून निघून गेलात तर परत उघडायला दुप्पट खर्च येईल.

सिलिंडर गोड्या पाण्याने धुऊन, खालचं प्लास्टिकचं बूड काढून ठेवा, कारण खारं पाणी तिथेच साचतं. आत २० बारच्या आसपास हवा ठेवून उभेच ठेवा. पूर्ण रिकामे ठेवले तर झडपेतून दमट हवा शिरते. दाबचाचणीची तारीख मात्र बंदीसाठी थांबत नाही. २४ च्या २४ एकाच वर्षी घेतलेले असतील तर मुदतही एकदम संपते, आणि चाचणीला मुख्य भूमीवर पाठवायचे तर चेन्नईचं जहाजच साधारण तीन दिवसांचं. म्हणून खरेदी दोन टप्प्यांत करा.

कॉम्प्रेसर दर पंधरवड्याला वीसेक मिनिटं दाबाखाली चालवा, साचलेलं पाणी सोडा. फिल्टरमधलं ओलावा शोषणारं रसायन न वापरताही दमट हवेत निकामी होतं. नवा फिल्टर सीलबंदच ठेवा, दुकान उघडायच्या दिवशीच बसवा. पहिली भरलेली हवा सोडून द्या, कार्बन मोनॉक्साइड तपासा आणि मगच पाहुण्याच्या पाठीवर सिलिंडर चढवा. इथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारं उपकरण) वर्षभर पडून असतील तर एकही डाइव्ह झाली नसली तरी सर्व्हिसिंग करायचंच.

डुंगी किनाऱ्यावर ओढली तर फळ्या सुकून सांधे उघडतात, पाण्यात ठेवली तर किडा लाकूड पोखरतो. सावलीत ओढून अधूनमधून भिजवत राहणं त्यातल्या त्यात बरं. पुन्हा पाण्यात घालताना फळ्या फुगेपर्यंत पंप हाताशी हवा.

करारनामा : कागदाची बाजू. फक्त 'दैवी आपत्ती' लिहून भागत नाही. साथ, सरकारी प्रवासबंदी, फेरीबोट बंद : तिन्ही शब्द करारात स्पष्ट घाला आणि त्या काळात भाडं किती टक्के, तेही लिहा. करार पाळणं अशक्य झालं तर तो रद्द ठरवणारं करार कायद्यातलं कलम ५६ चालू भाडेपट्ट्याला लागू होत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. धंदा बंद पडल्याचा विमाही सहसा आग-वादळाने वास्तूचं नुकसान झालं तरच पैसे देतो.

कर्ज चालू असेल तर : २०२० ची हप्तेसवलत मार्च ते ऑगस्ट होती, पण व्याज चढतच होतं. पुढे सरकारी कर्जहमी योजनेत पर्यटन व्यवसायाला फेडायच्या बाकी कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज मिळालं, तेही मार्च २०२१ पासून. म्हणजे पहिलं वर्ष बहुतांशी स्वतःच्या पैशावर.

पाहुण्यांचा आगाऊ पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि राहून गेल्यावरच वापरा. बंदी आली की सगळे एकाच आठवड्यात परत मागतात.

नारळीबाग : नऊ महिने धरतो. पण कॉम्प्रेसर चालवायला तिथे माणूस हवाच ना?

दहा_मीटर : दोन हवेत, आणि दोघंही बेटावरचेच. मुख्य भूमीवरून आलेले कामगार बंदीत गावी गेले की हंगामाच्या तोंडावर हाताशी नसतात. या दोघांचा पूर्ण पगार नऊ महिन्यांत धरा. आठवड्यातून एकदा खोल्यांच्या खिडक्या उघडणं, गाद्या उभ्या करणं, नळ पाच मिनिटं सोडणं हेही त्यांच्याकडेच द्या.